दुकान दोघांचे, नोंद एकाचीच

गेल्या महिन्यात नागपूरच्या इंदोरा भागातील एक मावशी आमच्याकडे आल्या. पिशवीतून त्यांनी वहीचे फाडलेले एक पान काढले. त्यावर नातवाने फोनवर ऐकून लिहून घेतलेला एकच आकडा होता : १८२ पौंड.

"जयभीम भाऊ. पोरगा म्हणते, सुनेच्या नावानं एवढे भरले तं तिले म्हातारपणी पेन्शन भेटन. मी म्हटलं, तुले कोणी फसवत तं नाही ना बाप्पा? नोकरी नाही तं पेन्शन कायचं?"

मावशींचा मुलगा २००६ साली इंग्लंडला गेला. लेस्टर शहरात तो टॅक्सी चालवतो. तो कुणाचा नोकर नाही. गाडी त्याची, तेल-पाणी त्याचे, नफा-तोटाही त्याचाच. सून २०१२ साली लग्न होऊन तिकडे गेली, आता चाळिशीला टेकली आहे. पहाटे उठून ती घरीच जेवणाचे डबे करते आणि नवरा आपल्या फेऱ्यांमध्ये ते पोचवतो. मावशी कौतुकाने सांगत होत्या की दोघांनी मिळून घर चालवले आहे. धंद्याचा हिशेब मात्र सगळा मुलाच्या नावाने सरकारात जातो.

मावशींची शंका आम्हाला भाबडी वाटली नाही. आपल्या वस्त्यांत पेन्शन म्हणजे रेल्वेतल्या, दारूगोळा कारखान्यातल्या, नगरपालिकेतल्या किंवा शाळेतल्या माणसाची गोष्ट. ज्याला नोकरी त्याला पेन्शन. भाजीची गाडी लावणारा, सायकलरिक्षा ओढणारा, शिवणाचे मशीन चालवणारी, यांचे हात चालतात तोवर चूल चालते. त्यामुळे धंदा करणाऱ्या माणसालाही सरकार म्हातारपणी दर आठवड्याला ठराविक रक्कम देते, हे ऐकून कुणालाही फसवणुकीचा वास यावा. आम्ही चौकशी केली. मावशींचा मुलगा खरे सांगत होता. पण अर्धेच सांगत होता, आणि राहिलेला अर्धा भाग सुनेच्या बाबतीत जास्त महत्त्वाचा निघाला. आज आपली अनेक मुले-मुली तिकडे आहेत, म्हणून तो येथे मांडतो.

आधी नावाचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे नॅशनल इन्शुरन्स नावाची एक विमा कंपनी आहे, गाड्यांचा वगैरे विमा उतरवते. तिचा येथे काही संबंध नाही. ब्रिटनमध्ये नॅशनल इन्शुरन्स म्हणजे कमावत्या माणसाकडून सरकार घेते तो हप्ता. हा हप्ता आपल्या नावाच्या पेटीत साठत नाही. आजचे कमावते भरतात, त्यातून आजच्या म्हाताऱ्यांना मिळते. आपल्या नावावर साठतात ती पैशाऐवजी वर्षे. ६ एप्रिल ते पुढच्या ५ एप्रिलपर्यंतचे एक वर्ष नियमात बसले की खात्यावर एक वर्ष चढते.

तेथे म्हाताऱ्यांना पहिले सरकारी पेन्शन १९०९ च्या जानेवारीपासून मिळू लागले, तेही सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना, आठवड्याला पाच शिलिंग. नंतर हप्त्यावरचे पेन्शन आले, पण ते मजुरीवर असणाऱ्यांसाठी. मोची, न्हावी, फेरीवाला, छोटा दुकानदार त्यात नव्हते. डिसेंबर १९४२ मध्ये विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल आला. त्यात त्यांनी लोकांचे वर्ग पाडले. पहिला वर्ग नोकरदारांचा, दुसरा स्वतःचा धंदा करणाऱ्यांचा. १९४६ चा कायदा लोकसभेत नेणारे मंत्री जेम्स ग्रिफिथ्स हे वेल्समधले, लहानपणीच कोळशाच्या खाणीत उतरलेले. ५ जुलै १९४८ पासून तो कायदा लागू झाला आणि धंदेवाईक माणूसही पोस्टातून तिकिटे विकत घेऊन आपल्या कार्डावर चिकटवू लागला. त्याच्या हप्त्याला 'क्लास टू' म्हणजे दुसऱ्या वर्गाचा हप्ता म्हणत. कार्डे पुढे गेली, नाव मात्र अजून तेच आहे.

हे बेव्हरिज १९१९ पासून १९३७ पर्यंत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. म्हणजे बाबासाहेब तेथे शिकत असताना संस्थेच्या प्रमुखपदी तेच होते. ज्या १९४२ साली त्यांचा अहवाल आला त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत प्रा. अडारकर यांनी कारखान्यांतील कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याची योजना तयार केली आणि तीतून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. तो कारखान्यातल्या कामगारासाठी होता. रस्त्यावरच्या, घरातल्या धंद्याला आपल्याकडे आजतागायत तसे छत्र नाही. २०१५ ची अटल पेन्शन योजना आहे, चाळिशीच्या आत तीत शिरता येते, साठीनंतर महिना एक ते पाच हजार मिळतात. पण ती रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. असो, तिच्याविषयी वेगळे लिहावे लागेल.

आता मावशींच्या मुलाचे. तेथे ६ एप्रिल २०१६ पासून नवीन नियम आले. खात्यावर किमान १० वर्षे असतील तर पेन्शन सुरू होते, ३५ वर्षे असतील तर पूर्ण मिळते. त्या तारखेआधी ज्यांची वर्षे भरली होती त्यांचा हिशेब थोडा वेगळा निघतो. २०२५-२६ साली पूर्ण पेन्शन आठवड्याला २३० पौंड २५ पेन्स होते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे या पेन्शनात नोकरदार आणि धंदेवाईक असा भेद राहिला नाही. पूर्वी होता. १९७८ पासून नोकरदारांना पगाराच्या प्रमाणात वरचे जास्तीचे पेन्शन मिळे, धंदेवाल्याला फक्त मूळ मिळे. आता टॅक्सीवाला आणि बँकेतला कारकून यांची वर्षे सारखी असतील तर रक्कम सारखी.

धंद्यात वर्षाला १२,५७० पौंडांपेक्षा जास्त नफा झाला की वरच्या रकमेवर सहा टक्के हप्ता पडतो. त्याला 'क्लास फोर' म्हणतात. गंमत अशी की या हप्त्याने पेन्शन एका पैशाने वाढत नाही. वीस हजार नफ्याचा आणि चाळीस हजार नफ्याचा, दोघांच्या खात्यावर एकच वर्ष चढते. ते वर्ष चढायला दुसऱ्या वर्गाचा हप्ता लागे. तो ६ एप्रिल २०२४ पासून सक्तीचा राहिला नाही. नफा ठराविक रेषेच्या वर असला की हप्ता भरला असेच धरतात. २०२५-२६ साली ही रेषा ६,८४५ पौंडांवर होती.

येथेच पहिला खड्डा आहे. टॅक्सीवाल्यांत एक पद्धत आम्हाला कळली. कर वाचावा म्हणून खर्च फुगवून नफा इतका कमी दाखवायचा की रेषेच्या खाली जातो. किंवा सगळे रोखीने घ्यायचे आणि हिशेब पाठवायचाच नाही. त्या वर्षी दोन पैसे वाचल्यासारखे वाटतात आणि खात्यावरचे वर्ष गळते. खोटा हिशेब कायद्याने गुन्हा आहे हे तर झालेच. पण स्वतःच्या म्हातारपणातून चोरी करणे म्हणतात ते हेच. ज्याचा नफा खरोखरच कमी झाला, म्हणजे आजारपण आले, गाडी पडून राहिली, त्याच्यासाठी वाट आहे. त्याने हिशेब पाठवताना आपल्या मर्जीने दुसऱ्या वर्गाचा हप्ता भरायचा. २०२५-२६ चा दर होता आठवड्याला साडेतीन पौंड. बावन्न आठवड्यांचे १८२ पौंड. मावशींच्या कागदावरचा आकडा हाच.

तो भरून काय मिळते ते पाहू. एक वर्ष म्हणजे पूर्ण पेन्शनचा पस्तिसावा भाग. २३०.२५ ला ३५ ने भागले की आठवड्याला ६ पौंड ५८ पेन्स येतात, वर्षाचे सुमारे ३४२ पौंड. एकदाच १८२ भरायचे आणि पेन्शन सुरू झाल्यावर मरेपर्यंत दर वर्षी ३४२ घ्यायचे. सात महिन्यांच्या आत भरलेले परत. आम्ही हा हिशेब मावशींना दोनदा करून दाखवला. त्यांना तो आमच्यापेक्षा लवकर कळला होता. भिशी चालवणाऱ्या बाईला कागद लागत नाही.

"मंग भरू दे ना लवकर," त्या म्हणाल्या.

आम्ही म्हटले, थोडे थांबा. कारण १८२ हा दर फक्त स्वतःचा धंदा आहे अशी सरकारदरबारी नोंद असलेल्या माणसासाठी आहे. ज्याची कसलीच नोंद नाही त्यालाही मर्जीने हप्ता भरता येतो, पण तो तिसऱ्या वर्गाचा. २०२५-२६ साली त्याचा दर आठवड्याला १७ पौंड ७५ पेन्स होता, वर्षाचे ९२३ पौंड. एकच वर्ष, एकच पेन्शन. नोंद असेल तर १८२, नसेल तर ९२३.

आणि सुनेची नोंद कुठे आहे? डबे ती करते, कांदे ती चिरते, उशिरा दिलेल्या डब्याबद्दल गिऱ्हाइकाचे बोलणे ती ऐकते. सरकारच्या वहीत मात्र टॅक्सी आणि डबे मिळून एकट्या नवऱ्याचा धंदा आहे. सून तिथे कोणीच नाही. कमावती नाही, भागीदार नाही, नोकरही नाही.

हे एकट्या मावशींच्या घरचे नाही. बेव्हरिजनी आपल्या अहवालात विवाहित बाईला नवऱ्याच्या विम्याखाली धरले होते. धंदा करणाऱ्या विवाहित बाईने ठरवले तर तिने हप्ता भरायचाच नाही, अशी सवलत तीस वर्षे होती. १९७७ साली ती नव्याने घेणे बंद झाले. त्या काळात तिकडे गेलेल्या किती तरी आशियाई बायका दुकानाच्या गल्ल्यावर जन्मभर उभ्या राहिल्या आणि म्हातारपणी त्यांच्या स्वतःच्या नावावर वर्षेच निघाली नाहीत. तरी त्यांना एक आधार होता. नवऱ्याच्या हप्त्यांवर बायकोला मूळ पेन्शनच्या साठ टक्क्यांपर्यंत मिळे. २०१६ च्या नव्या नियमांत तो आधार काढून घेतला. जुन्या पिढीच्या काही बायकांसाठी थोडी सूट राहिली, पण चाळिशीच्या सुनेला ती लागू नाही. तिला जे मिळेल ते तिच्या स्वतःच्या वर्षांवर. नवऱ्याची पस्तीस भरली आणि तिची नऊ भरली, तर त्याला पूर्ण आणि तिला शून्य. नऊ म्हणजे दहा नव्हेत, तेथे कुणी गय करीत नाही.

म्हणून आम्ही मावशींना सांगितले की मुलाला म्हणावे, पैसे भरण्याआधी नोंद करा. डब्यांचा धंदा खरोखर सुनेचा असेल तर तो तिच्या नावाने कर खात्यात नोंदवावा आणि तिने आपला हिशेब वेगळा पाठवावा. दोघांचा असेल तर भागीदारी नोंदवावी; मग प्रत्येकाचा हिशेब वेगळा आणि प्रत्येकाच्या खात्यावर वर्ष वेगळे. तिसरीही वाट आहे. नवऱ्याच्या धंद्यात ती पगारावर असेल आणि पगार खरोखर दिला जात असेल, तर २०२५-२६ च्या दराने आठवड्याला १२५ पौंडांपासून वर्ष धरले जाई, आणि २४२ पर्यंत तिच्या पगारातून हप्ताही कापला जात नसे. कोणती वाट घ्यायची ते तेथल्या हिशेबनिसाला विचारावे. येथे बसून आम्ही ते ठरवू नये. एवढे मात्र नक्की की जे खरे आहे तेच कागदावर यावे. नाव नुसते चिकटवले आणि काम दुसऱ्याचे, असे झाले तर उलटे अंगाशी येते.

मग एक गोष्ट अशी निघाली की १८२ पौंडांचा प्रश्नच बाजूला पडला. मावशींना दोन नातवंडे. मोठा २०१४ चा, धाकटी २०१८ ची. तेथे मुलांसाठी सरकार 'चाइल्ड बेनिफिट' नावाची रक्कम देते. ती ज्याच्या नावाने मागितली असेल त्याच्या खात्यावर, मूल बारा वर्षांचे होईपर्यंत, नॅशनल इन्शुरन्सची वर्षे फुकट चढतात. मूल सांभाळणाऱ्या आईचे वर्ष वाया जाऊ नये हा त्यामागचा हेतू. आम्ही विचारले, अर्ज कुणाच्या नावाने आहे? मावशींनी तिथल्या तिथे फोन लावला. अर्ज मुलाच्या नावाने निघाला. मोठा झाला तेव्हा सुनेच्या व्हिसावर सरकारी मदत घेण्याची बंदी होती, म्हणून नवऱ्याने अर्ज केला. पुढे तिला कायम राहण्याची परवानगी मिळाली, पण नाव बदलायचे कुणाच्या ध्यानी आले नाही. टॅक्सीवाल्या नवऱ्याच्या खात्यावर त्याची स्वतःची वर्षे होतीच. त्यावर मुलांची वर्षेही पडली आणि वाया गेली, कारण एका वर्षाची दोन वर्षे होत नाहीत.

ही फुकटची वर्षे एका जोडीदाराकडून दुसऱ्याकडे अर्ज करून वळवता येतात. जुन्या वर्षांना मुदतीची अट आहे, म्हणून किती वळतील ते विचारल्यावाचून कळणार नाही. पण धाकटी २०३० पर्यंत बाराची होत नाही. तोपर्यंतची वर्षे तरी सुनेच्या खात्यावर बिनपैशाने यावीत. ज्या वर्षाला अशी नोंद मिळाली त्याला १८२ भरणे म्हणजे पैसे पाण्यात. तेव्हा क्रम असा : आधी सरकारच्या संकेतस्थळावर सुनेने आपल्या नॅशनल इन्शुरन्स नंबरने स्वतःचे खाते उघडून कोणकोणती वर्षे भरली, कोणती रिकामी ते पाहावे, मग चाइल्ड बेनिफिटचे नाव, आणि त्यानंतरही जे रिकामे राहील तेवढेच भरावे. साधारणपणे मागच्या सहा वर्षांपर्यंतचे भरता येते. मात्र १८२ चा स्वस्त दर मागच्या वर्षांसाठी हवा असेल तर तेव्हाही धंदा आपला होता हे पटवावे लागते. डब्यांच्या हिशेबाच्या वह्या, गिऱ्हाइकांचे निरोप, किराण्याच्या पावत्या टाकून देऊ नयेत.

सुनेसाठी आजच्या कायद्यात पेन्शनचे वय ६८ आहे. म्हणजे तिच्यापुढे अठ्ठावीस-एकोणतीस वर्षे उरली. मागचे काहीच हाती लागले नाही आणि पुढचे एकही वर्ष चुकले नाही, तरी पस्तीस होत नाहीत. म्हणून तिच्या बाबतीत प्रत्येक वर्षाची किंमत आहे.

"आणि म्हातारपणी इकडे आले तं?" मावशींनी हळूच विचारले. हा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवला होता असे आम्हाला वाटले.

पेन्शन नागपुरातही मिळते. पण ते गोठते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याचे पेन्शन दर एप्रिलला वाढते. महागाई, सरासरी पगारवाढ किंवा अडीच टक्के, यांतले जे जास्त असेल तेवढे. भारतात येऊन राहणाऱ्याला ही वाढ नाही. २०१६ साली ज्याचे पूर्ण पेन्शन १५५ पौंड ६५ पेन्सने सुरू झाले आणि जो तेव्हापासून भारतातच राहिला, त्याला २०२५-२६ मध्येही तेवढेच मिळत होते. तिकडे राहिलेल्याला २३०.२५. हप्ते दोघांचे सारखे. अमेरिकेत किंवा युरोपातल्या देशांत जाऊन राहणाऱ्याला वाढ मिळते, कारण त्या देशांशी तसे करार आहेत; आपल्याशी नाही. कॅनडा-ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांचीही हीच रड आहे. काही पेन्शनर युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले आणि २०१० साली हरले. आमच्या मते हा उघड अन्याय आहे. पण तो आहे हे धरूनच घरच्यांनी बेत करावा. मावशी यावर काही बोलल्या नाहीत. पान घडी करून त्यांनी पिशवीत ठेवले.

राहिलेल्या दोन गोष्टी चटकन सांगतो. पेन्शन आपोआप सुरू होत नाही, मागावे लागते. वय जवळ आले की पत्र येते, म्हणून पत्ता बदलला तर कळवावा. आणि नवीन धंद्याची नोंद वर्ष संपल्यावर ५ ऑक्टोबरच्या आत करावी लागते. संगणकावरून हिशेब आणि हप्ता ३१ जानेवारीपर्यंत.

परवा मावशींचा पुन्हा फोन आला. सून कर खात्याचा फॉर्म भरायला बसली होती. त्यात धंद्याचे नाव विचारले होते, तर तिने सासूला फोन करून विचारले की काय लिहू. "मी म्हटलं, तुहं नाव लिही ना बाई, अजून कोनाचं लिहितं?" मावशी आम्हाला हसत सांगत होत्या. फॉर्म गेला. चाइल्ड बेनिफिटचे काम मात्र अजून मुलाकडे पडून आहे, रात्रपाळी चालू आहे म्हणतो.